समजून घ्या : वजन वाढलं ते जिभेमुळे की बाजारामुळे? ज्वारीच्या परभणीतून एक हिशेब

'तोंडावर ताबा ठेवा.' ज्याचं वजन वाढलंय, त्याला हा सल्ला कोणीही देतं. डॉक्टर देतात, लग्नात भेटलेली मावशी देते, टपरीवर हातात भज्यांची प्लेट धरून उभा असलेला मित्रही देतो. सल्ला चुकीचा नाही. पण तो अर्धाच आहे.

लठ्ठपणावर बोलताना आपल्याकडे दोन टोकं असतात. एक म्हणतं, खाणारा तू, वाढणारा तू, मग दोष कोणाचा? दुसरं म्हणतं, सगळा दोष कंपन्यांचा आणि सरकारचा, माणूस बिचारा काय करणार? या दोन्ही टोकांना बाजूला ठेवून आपण एक साधा हिशेब मांडू. त्यासाठी परभणीसारखा जिल्हा शोधून सापडणार नाही, कारण हा ज्वारीचा मुलूख. इथल्या ताटात काय बदललं आणि ते कोणी बदललं, हे पाहिलं की प्रश्नाचं उत्तर बरंच सोपं होतं.

आधी आकडे बघू

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १२.६ टक्के महिला आणि ९.३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ होते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हेच आकडे महिलांमध्ये २४ टक्के आणि पुरुषांमध्ये २२.९ टक्के झाले. म्हणजे साधारण १५ वर्षांत महिलांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं आणि पुरुषांचं दुपटीच्याही पुढे गेलं.

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या मोठ्या अभ्यासाने आणखी एक चित्र दाखवलं. देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाचा घेर जास्त असलेल्यांचं प्रमाण ३९.५ टक्के, म्हणजे दर पाच प्रौढांमागे जवळपास दोघं.

मी इंजिनिअरिंग शिकलो. तिथे एक गोष्ट पहिल्या वर्षीच कळते. मशिनमधून एखादा पीस खराब निघाला, तर तो पीस तपासायचा. पण हजारातले अडीचशे पीस खराब निघायला लागले, तर पिसांना बोल लावून उपयोग नाही, मशीन उघडावं लागतं. १५ वर्षांत कोट्यवधी लोकांचा संयम एकाच वेळी कमी झाला, हे पटण्यासारखं नाही. माणसं तीच आहेत. त्यांच्या भोवतीचं काहीतरी बदललंय.

भाकरी ताटातून सरकली कशी?

परभणीत १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ सुरू झालं, आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. ज्वारीच्या वाणांना या जिल्ह्याचं नाव मिळालं : परभणी मोती, परभणी ज्योती. २०१८ मध्ये इक्रिसॅट या संस्थेसोबत 'परभणी शक्ती' हे वाण आलं. लोह आणि जस्ताचं प्रमाण जास्त असलेली ज्वारी, खास कुपोषण आणि रक्तक्षय डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा ज्वारीवर भाषणंही भरपूर झाली.

तरीही गावातल्या घरात सकाळी डोकावून पाहा. जिथे आजी भाकरी, पिठलं आणि जवसाची चटणी खायची, तिथे नातू चहात बिस्किट बुडवून शाळेत जातो. दुपारी गव्हाची पोळी किंवा भात. भाकरी अजून आहे, पण अनेक घरांत ती रोजची न राहता आवडीची झालीय. हॉटेलात तर ती 'स्पेशल' झालीय.

हे कोणा एकाच्या जिभेने केलेलं नाही. कारणं मोजता येतात.

पहिलं, रेशन. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. कायद्यात भरडधान्याचीही सोय आहे. काही वेळा, काही जिल्ह्यांत ज्वारी मिळालीही. पण कायम हाती येणारं धान्य म्हणजे गहू आणि तांदूळ. जे फुकट घरात येतं, तेच चुलीवर चढतं. त्यात गैर काहीच नाही. उपाशी राहण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. पण ताट सरकारने बदललं, ही नोंद करावी लागेल.

दुसरं, शेत. सोयाबीन आणि कापूस रोख पैसा देतात. ज्वारीची काढणी कष्टाची, मजूर मिळत नाहीत, पाखरं आणि रानडुकरं वेगळी. पूर्वी ज्वारी दोघांसाठी पेरली जायची, माणसाला दाणे आणि जनावरांना कडबा. ट्रॅक्टर आला, बैलजोड्या घटल्या आणि कडब्याची गरजही कमी झाली. शेतकऱ्याने हिशेब केला आणि तो त्याच्या बाजूने बरोबर होता.

तिसरं कारण फारसं कोणी बोलत नाही. भाकरी थापते कोण? घरातली बाई. सकाळी चुलीसमोर किंवा गॅससमोर उभं राहून दहा-बारा भाकरी थापायच्या, मग शेतात किंवा कामावर जायचं. पोळ्या एकदा करून डब्यात ठेवता येतात. भाकरी गरमच लागते, गार झाली की कडक होते. 'पुन्हा भाकरीकडे वळा' असं म्हणणाऱ्या पुरुषांपैकी किती जणांना भाकरी थापता येते? हा प्रश्न सोडून ज्वारीचं कौतुक करणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवणं आहे.

पाच रुपयांचा पुडा

भाकरीने सोडलेली जागा रिकामी राहिली नाही. जिंतूर, सेलू, पालम, सोनपेठ, कुठल्याही गावच्या किराणा दुकानासमोर उभं राहा. दारात पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. पाच रुपये, दहा रुपये. जिथे केळी रोज मिळतीलच असं नाही, तिथे वेफर्सचा पुडा मात्र नक्की मिळतो. रोजंदारीवर जाणारी आई रडणाऱ्या मुलाच्या हातात पाच रुपये ठेवते. त्या पाच रुपयांत फळ येत नाही, पुडा येतो. याला तुम्ही 'चुकीची निवड' म्हणाल का?

२०२३-२४ च्या घरगुती खर्च सर्वेक्षणात ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चातला सुमारे १० टक्के भाग 'पेयं आणि प्रक्रिया केलेलं अन्न' या गटावर जातो. धान्यावर जातो सुमारे ५ टक्के. या गटात चहा आणि हॉटेलचं खाणंही धरलेलं आहे आणि धान्य स्वस्त किंवा मोफत मिळतं, हेही खरं. तरी दिशा स्पष्ट आहे.

असे पदार्थ आपण जास्त का खातो, याचं उत्तर २०१९ च्या एका अमेरिकी प्रयोगात मिळतं. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या गटाने २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या जेवणात साखर, मीठ, स्निग्ध आणि तंतुमय पदार्थ सारख्याच प्रमाणात होते. 'हवं तेवढं खा' एवढीच सूचना. अतिप्रक्रिया केलेलं अन्न समोर असताना तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊ लागली आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं. साधं अन्न आलं आणि वजन तेवढंच उतरलं. माणसं तीच, इच्छाशक्ती तीच. बदललं ते फक्त ताट.

आता कराकडे बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. साखर घातलेली शीतपेयं ४० टक्क्यांच्या गटात गेली. उपकर धरला तर त्यांच्यावरचा बोजा आधीही जवळपास तेवढाच होता. पण बिस्किटं आणि चॉकलेट १८ वरून ५ टक्क्यांवर आली, फरसाण आणि नूडल्सही ५ टक्क्यांत बसले. पॅकबंद ज्वारीच्या पिठावर किती? तेही ५ टक्के. म्हणजे कराच्या नजरेत ज्वारीचं पीठ आणि क्रीमचं बिस्किट सारखंच. सणासुदीला बिस्किटं स्वस्त झाली म्हणून आपण सगळेच खूश झालो. पण ज्या वर्षी लठ्ठपणाविरुद्ध मोहीम चालू होती, त्याच वर्षी हे घडलं.

'तेल १० टक्के कमी करा'

२३ फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लठ्ठपणाचा विषय घेतला आणि प्रत्येक घराने तेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करावा असं आवाहन केलं. स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरूनही ते याच विषयावर बोलले. देशाच्या सर्वोच्च पदावरून या आजारावर बोललं गेलं, ही चांगलीच गोष्ट.

पण ३० मे २०२५ ला केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. महागाई रोखण्यासाठी ते गरजेचं वाटलं असेल. सामान्य घराला दिलासाही मिळतो. फक्त एकीकडे कमी वापरा म्हणायचं आणि दुसरीकडे बाहेरचं तेल स्वस्त येऊ द्यायचं, यात ताटाचा विचार कुठे बसतो?

परभणीला हे जास्त लागतं, कारण हा करडईचाही पट्टा होता. 'परभणी कुसुम' हे करडईचं वाण याच विद्यापीठाचं. काटेरी पीक, काढायला त्रासदायक, भाव बेभरवशाचा. करडईचा पेरा आटला, त्यासोबत गावचे घाणे बंद पडले आणि किराणा दुकानात बाहेरच्या तेलाची पाकिटं आली. हा निर्णयही कुठल्या एका गृहिणीने स्वयंपाकघरात घेतलेला नाही.

बारीक दिसणारे सुटले का?

नाही. आणि हे समजायला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम महत्त्वाचं आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी १९९३ पासून गरोदर महिला आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधली बाळं ३.५ किलोची. पण आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी होते आणि चरबीचं प्रमाण त्या मानाने टिकून होतं. दिसायला लहानखुरी, आतून चरबीची. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पुढच्याच वर्षी याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की सावध व्हायला सांगतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि महिलांची ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात.

याचा जबाबदारीशी संबंध काय? आई अर्धपोटी राहिली तर बाळाचं शरीर पोटातच काटकसर शिकतं. पुढे त्याच बाळाच्या वाट्याला गोड, तेलकट आणि बैठं आयुष्य आलं तर मधुमेहाचा धोका वाढतो. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्यात अशी कितीतरी घरं असतील. जन्माआधीच सुरू झालेल्या गोष्टीसाठी 'तोंडावर ताबा ठेवा' हे उत्तर पुरणार कसं?

मग माणसाची जबाबदारीच नाही का?

आहे, आणि ती टाळता येणार नाही. एकाच घरात, एकाच बाजारात वाढलेल्या दोन भावांपैकी एकाचं वजन आटोक्यात राहतं, दुसऱ्याचं नाही. काही फरक शरीराचा असतो, काही सवयीचा. सगळं खापर व्यवस्थेवर फोडून रात्री अकराला पाव-भाजीवर जादा बटर मागणं हा स्वतःशीच खोटेपणा आहे.

माझंच सांगतो. डेस्कवर लागलो तेव्हा वजन ६८ किलो होतं, तीन वर्षांत ७९ झालं. रात्रपाळी, खुर्ची आणि दर तासाला चहा. कुठल्या कंपनीने माझ्या तोंडात काही कोंबलं नव्हतं. एका रविवारी मी चहाचा हिशेब केला. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, साधारण ३५ ते ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. माझा कोटा फक्त चहातच संपत होता. साखर अर्धी केली, रात्री भूक लागली तर फुटाणे जवळ ठेवले. वजन हळूहळू का होईना, उतरतंय.

पण मला हे जमलं, कारण माझ्याकडे पर्याय होता. महिन्याचा पगार होता, हिशेब मांडण्याएवढा वेळ होता, सकाळी कृषी विद्यापीठाच्या परिसरात निवांत फिरता येत होतं. वीटभट्टीवरच्या बाईकडे यातलं काय आहे? मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेल्यावर 'रोज चाला' हा सल्ला तिला देणार का? वसतिगृहात मिळेल ते खाणाऱ्या मुलाने काय निवडायचं?

म्हणून नियम साधा असावा : ज्याच्या हातात जेवढी निवड, त्याच्यावर तेवढी जबाबदारी. माझ्यासारख्यावर ती बरीच आहे. पाच वर्षांच्या मुलावर शून्य आहे. आणि सर्वात जास्त निवड ज्यांच्या हातात आहे, म्हणजे कर ठरवणारे, रेशन ठरवणारे, पुड्यात काय घालायचं ते ठरवणारे, त्यांच्यावर सर्वात जास्त. आज नेमकं उलट चाललंय.

दुसरीकडे काय केलं?

चिली देशाने २०१६ मध्ये जादा साखर, मीठ किंवा चरबी असलेल्या पाकिटांवर ठळक काळे अष्टकोनी शिक्के बंधनकारक केले. शाळेत अशा पदार्थांची विक्री बंद, लहान मुलांना भुलवणाऱ्या जाहिरातींवर बंदी. पुढच्या काळात शिक्के बसलेल्या गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचं २०२० च्या अभ्यासात दिसलं. ब्रिटनने २०१८ पासून पेयातल्या साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला. तो लागू होण्याआधीच अनेक कंपन्यांनी साखर कमी केली. ग्राहकाला उपदेश न करता बाटलीच बदलली.

आपल्याकडे केरळने २०१६ मध्ये ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के कर लावला होता, जीएसटी आल्यावर तो गेला. पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय छापायचं, हा वाद अजून चालू आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये तारे देण्याची पद्धत सुचवली. आरोग्य कार्यकर्ते म्हणतात तारे नको, स्पष्ट इशारा हवा. मुद्दा सोपा आहे : दोन तारे पाहून मुलाला वाटेल 'बरं आहे', 'साखर जास्त' वाचून तसं वाटणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावरच्या समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं, पुढे मुदतवाढही झाली.

परभणीत उद्यापासून काय करता येईल?

दिल्लीची वाट न पाहता करण्यासारखंही बरंच आहे.

१. शाळेचं गेट : २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे. नवा कायदा नको, फक्त मोजपट्टी आणि अंमलबजावणी हवी. मात्र गेटवरच्या गाडेवाल्याचं पोट मारू नका. त्याला उकडलेले हरभरे, शेंगा, फळं विकायला मदत करा.

२. रेशनवर ज्वारी : ज्या जिल्ह्यात ज्वारी पिकते, तिथेच ती हमीभावाने घेऊन तिथल्याच रेशनवर नियमित द्यावी. शेतकऱ्याला खात्री, ताटाला भाकरी.

३. शालेय पोषण आहार : राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलांना आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा जादा निधी थांबला आणि लोकवर्गणीतून करा असं सांगितलं गेलं. मुलाच्या ताटातलं अंडं ही सरकारची जबाबदारी आहे, ती वर्गणीवर सोडू नये.

४. सरकारी कार्यालयं : केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२५ मध्ये कार्यालयांत तेल आणि साखरेचे फलक लावायला सांगितलं, सीबीएसईने शाळांत साखरेचे फलक. फलकाखालीच समोसा आणि क्रीमचं बिस्किट वाढलं जाऊ नये, एवढं तरी पाहावं. बचत गटाच्या धपाट्यांची ऑर्डर द्यायला कोणी अडवलेलं नाही.

५. तुमचं घर : आठवडाभर घरातलं तेल मोजा. माणशी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम धरलं तर चार जणांच्या घराला महिन्याला तीन ते साडेतीन किलो पुरे. चहाचे चमचे मोजा. आणि भाकरी हवी असेल तर पीठ मळायला स्वतः बसा.

शेवटचा मुद्दा

लठ्ठ माणसाला चिडवल्याने तो बारीक होत नाही. तो दवाखान्यात जायचं टाळतो, लग्नात जेवायचं टाळतो आणि घरी एकटा असताना जास्त खातो. पुढच्या वेळी 'तोंडावर ताबा ठेव' म्हणावंसं वाटलं तर आधी दोन प्रश्न विचारा. त्याच्या हातात पर्याय काय होते? आणि त्यातला एखादा चांगला पर्याय त्याच्या हाती यावा म्हणून मी काय केलं?

आपापल्या तोंडावर ताबा प्रत्येकाने ठेवायचाच आहे. पण पुड्यावर, शाळेच्या गेटवर, करावर आणि रेशनच्या पोत्यावर ताबा ज्यांचा आहे, त्यांनाही आपण हेच वाक्य ऐकवायला हवं. परभणीच्या ज्वारीवर भाषणं खूप झाली, आता ती ताटात दिसू द्या.